पावसानं थांबवलं म्हणून आपण इथले झालो

(इंदूर येथे मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला विषय दिला तो वरवर सोपा आहे. “काकू, तुम्ही भर पावसात धार, मांडव, महेश्वर करून आलात, त्याबद्दल दोन शब्द बोला.” आता इंदुरात जन्म काढलेल्या माणसांना मांडवचं वर्णन काय सांगायचं? तुमच्यातल्या प्रत्येकानं शाळेच्या सहलीत जहाज महालाच्या पायऱ्यांवर डबा खाल्लेला आहे. म्हणून कुठं उतरलो, काय खाल्लं हे मी थोडक्यातच सांगेन. मला बोलायचंय ते पावसाबद्दल. तीन दिवस पावसातून फिरताना एक गोष्ट माझ्या मनात हळूहळू पक्की होत गेली. आपण मराठी माणसं या माळव्यात स्थायिक झालो, त्यात तलवारीचा वाटा मोठा आहे, पण पावसाचा वाटाही काही कमी नाही.

आम्ही एका गाडीत पाच जण होतो. गाडी पुतण्या चालवत होता. सोबत सूनबाई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, मी आणि माझे धाकटे दीर. दिरांचं वय सत्याहत्तर. उभी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेली. असा माणूस गाडीत असला की खिडकीबाहेरचं नुसतं हिरवं हिरवं दिसत नाही. त्याच्या खालची मातीही दिसायला लागते.

धारच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. एके ठिकाणी चहाला थांबलो, तर नात फोटो काढायला बांधावर उतरली आणि दोन पावलांत तिची चप्पल चिखलात राहिली. दीर हसून म्हणाले, “वहिनी, बघा. ही काळी माती. उन्हाळ्यात हिला हात हात भेगा पडतात आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. आमचे रोलर रुतायचे हिच्यात. तोफेचा गाडा काय चालणार?”

तोफेचा गाडा हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण मुद्दा तोच आहे. मराठी फौजांचं वर्ष कसं चालायचं ते आपण सगळे जाणतो. दसऱ्याला सीमोल्लंघन, हिवाळा-उन्हाळा मोहीम, आणि मृगाच्या आधी परत. त्याला कारणं साधी होती. जनावरांना वैरण हवी, वाटा कोरड्या हव्यात आणि नद्यांना उतार हवा. दख्खनेतून माळव्यात यायचं म्हणजे नर्मदा ओलांडणं आलं. हिवाळ्यात ती उतारावरून ओलांडता येई. आषाढात तीच नर्मदा अशी फुगते की घोडदळ तर सोडाच, अनुभवी नावाडीसुद्धा नाव काठाला बांधून ठेवतो.

धारच्या पश्चिमेला अमझेरा आहे. तिथं २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांनी मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. गिरिधर बहादूर आणि त्याचा भाऊबंद दया बहादूर दोघेही त्या लढाईत पडले. नोव्हेंबर महिना लक्षात घ्या. पाऊस संपलेला, जमीन वाळलेली, नदीला उतार झालेला. तिथून चारेक वर्षांत, १७३२ च्या सुमारास, शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात माळव्याची वाटणी झाली. १७४१ मध्ये बादशहाकडून माळव्याच्या नायब सुभेदारीची सनद पेशव्यांना मिळाली, तेव्हा कागदावरही ते पक्कं झालं.

पण माझ्या मते कागदापेक्षा महत्त्वाचा बदल वेगळाच होता. जो सरदार दर ज्येष्ठात नर्मदा ओलांडून दक्षिणेत परत जातो, तो पाहुणा असतो. ज्यानं चार महिने इकडेच काढायचे ठरवले, त्याला डोक्यावर छप्पर लागतं, दाणागोटा साठवावा लागतो, वाणी, सोनार, लोहार, भटजी, कारकून लागतात. मग बायकामुलं येतात. मग देवघर येतं. आपला “छावणी” हा शब्द बघा. तो छप्पर घालण्यावरून आलाय. छावणी करणं म्हणजे पावसाळ्यासाठी मुक्काम ठोकणं. ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको. दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, तो उठलाच नाही, आणि त्या गावाचं नावच “लष्कर” झालं. आपली गावं अशी वसली आहेत.

आता प्रवासाकडे वळते. धारला आम्ही किल्ला पाहिला. लाल दगडाचा, टेकाडावरचा, पावसात आणखीच लाल दिसणारा. किल्ल्यात आमच्याशिवाय एक बकऱ्यांचा कळप आणि छत्री घेतलेलं एक जोडपं, इतकीच माणसं. याच किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राघोबादादा पुण्याहून बाहेर पडलेले, आनंदीबाईंना आसरा दिला तो धारच्या पवारांनी. म्हणजे शेवटचा पेशवा पुण्याचा नव्हे, जन्मानं माळव्याचा! नातीला हे भलतंच गमतीचं वाटलं. मी तिला म्हटलं, हे नाव लक्षात ठेव, महेश्वरला पुन्हा भेटेल.

धारहून मांडव पस्तीसेक किलोमीटर. शेवटी शेवटी रस्ता एका खोल दरीच्या काठानं जातो. तिला काकडा खोह म्हणतात. पावसाळ्यात तिच्यात धबधबा कोसळतो आणि दरी ढगांनी भरलेली असते. तिथं भाजलेली कणसं खात उभ्या असलेल्या मंडळींत निम्मे आपल्या इंदूरचे होते, हे सांगायला नकोच. दुपारी दाल-पानिये खाल्ले. मक्याचे, पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले. रस्त्याकडेला मांडवची इमली विकायला होती. ती गोरखचिंचेची फळं. ती झाडं मूळची आफ्रिकेतली, पण इथं इतकी शतकं रुजलीत की त्यांना मांडवचंच नाव पडलं. बाहेरून आलेलं झाड गावाच्या नावानं ओळखलं जातं, हे मला मनापासून आवडलं.

मांडवमध्ये पावसाचा अर्थ आणखी वेगळा आहे. डोंगरमाथ्यावरचं हे शहर, जवळून नदी वाहत नाही. म्हणून जे पडेल ते साठवायचं. जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध आहे, मुंज आणि कपूर. गच्चीवर पडणारं पाणी पन्हळांतून खाली येतं. एक पन्हळ चक्क गोगलगाईसारखं गोल गोल वळवलंय, म्हणजे पाण्याचा वेग कमी होऊन गाळ मागं राहावा. दीर त्या दगडी वळणापाशी दहा मिनिटं उभे होते. त्यांना राणी रूपमतीपेक्षा त्या गवंड्याचं कौतुक जास्त.

जहांगीर बादशहा १६१७ सालचा पावसाळा मांडवात राहिला. त्यानं जुन्या इमारतींची डागडुजी करवून घेतली आणि पावसाळ्यातल्या मांडवची आपल्या आठवणींत तोंड भरून स्तुती केली. नूरजहाँच्या एका महालात मेजवानी झाली, तेव्हा तलावाकाठी दिवे लावले होते, त्याचंही वर्णन त्यानं केलंय. त्याच वेळी इंग्रजांचा वकील टॉमस रो बादशहाच्या मागे मागे तिथं आला होता. तो पाऊस सुरू होण्यापूर्वी पोचला आणि त्यानं पाण्याच्या टंचाईबद्दल कुरकूर लिहून ठेवली. एकच गाव, एकच वर्ष. मार्चमध्ये पाण्याची मारामार आणि श्रावणात स्वर्ग. माळवा कुणाला आवडेल, हे तो कोणत्या महिन्यात आला त्यावर ठरतं!

रूपमतीच्या छत्रीत गेलो, तर नर्मदा दिसली नाही. ढगच ढग. नात थोडी हिरमुसली. तिथले वाटाडे सांगत होते की स्वच्छ दिवशी खाली निमाडात नर्मदेची चंदेरी रेघ दिसते, आणि राणी तिचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे. मग पावसाळ्यात ती काय करायची, असा नातीचा प्रश्न. वाटाड्यानं क्षणभर विचार करून उत्तर दिलं, “बिटिया, म्हणून तर खाली रेवा कुंड आहे.” त्यानं ते तिथल्या तिथं रचलं असेल, पण उत्तर झकास होतं.

दुसऱ्या दिवशी गुजरीकडून खाली उतरलो. घाटात पुतण्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि मालट्रकांना मुकाट वाट दिली. तरुणांना एवढंच सांगते, पावसात घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर विसंबू नका, आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर पलीकडचं गाव कितीही जवळ दिसो, थांबा. घाट उतरला की हवाच बदलते. वर माळव्यात सोयाबीन आणि गारवा. खाली निमाडात कापूस आणि दमट उकाडा. पाण्याची वाटही बदलते. आपल्या इंदुरात पडलेला पाऊस खान नदीनं क्षिप्रेला, तिथून चंबळेला, यमुनेला, गंगेला, असा बंगालच्या उपसागराला जातो. विंध्याच्या कडेपलीकडे हातभर अंतरावर पडलेला थेंब मात्र नर्मदेतून अरबी समुद्राला. आपण बरोबर त्या कडेवर राहतो.

महेश्वरला नर्मदा घाटाच्या बऱ्याच पायऱ्या गिळून बसली होती. एरवी आपण ज्या पायऱ्यांवर बसतो त्या पाण्याखाली. पाणी गढूळ, चहासारखं, आणि वेग असा की मधून वाहत जाणारं झाड डोळ्यांदेखत पुलाकडे पोचलं. वाड्यात गेलं की हा सगळा आवाज थांबतो. अहिल्याबाईंचा तो वाडा पाहून परप्रांतातले प्रवासी नेहमी विचारतात, “राजवाडा कुठे आहे?” लाकडी खांब, सारवलेल्या घरासारखी बैठक, देवघर. मातीची शिवलिंगं करून पूजा करायची आणि ती नर्मदेत विसर्जित करायची, हा लिंगार्चनाचा रिवाज तिथं अजून चालू आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या बाईंची स्वतःची राहणी ही अशी.

बाई गेल्या त्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात. आपल्या पंचांगानं ती श्रावण वद्य चतुर्दशी. इकडच्या पंचांगानं तीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी होते, कारण इकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपल्या घराघरांत अजून दोन कालनिर्णयं चालतात, एक भिंतीवरचं आणि एक शेजारणीचं! दोन्ही सांभाळून आपण इतकी वर्षं नांदलो, याचा मला अभिमान आहे.

विणकरांकडेही गेलो. महेश्वरी साडीच्या काठांवर घाटावरच्या लाटा आणि किल्ल्याच्या विटा आहेत. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले. त्यांतल्या कितीतरी घरांची बोलीभाषा मराठी नव्हे, पण विचाराल तर राजधानी इथं आल्याच्या काळापासूनची हकीकत ते सांगतात. मागावर बसलेल्या एका बाईंनी सूनबाईंना काठाची नावं सांगितली, तेव्हा मला जाणवलं की आपल्या इतिहासाचे रखवालदार फक्त आपणच नाही.

आता त्या बाजीरावाचं. घाटाच्या वर अहिल्येश्वराच्या देवळासमोर एक छत्री आहे, जोत्यावर हत्ती कोरलेली. ती विठोजी होळकरांची. यशवंतराव होळकरांचा हा भाऊ. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावानं त्यांना हत्तीच्या पायाला बांधून ठार करवलं. यशवंतरावांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

नात छत्रीपाशी बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, “आजी, काल आपण ज्याचं जन्मस्थान पाहिलं, त्यानंच यांना मारलं?” म्हटलं, हो. धार ते महेश्वर आपण गाडीनं काही तासांत आलो. तेवढ्या अंतरात मराठी राज्य कसं उभं राहिलं आणि आपसांतल्या वैरानं कसं खचलं, दोन्हीच्या खुणा आहेत. आपल्या समाजाच्या सभांमध्ये कधी आवाज चढला तर मला आता ती छत्री आठवेल, एवढंच म्हणते. (हशा)

तिसऱ्या दिवशी दिरांची इच्छा होती रावेरखेडीला जायची. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथं वारले. वय चाळिशीच्याही आत. नासिरजंगाशी झालेल्या तहात खरगोण आणि हंडियाची जहागीर मिळाली होती, ती ताब्यात घ्यायला ते इकडे आले होते. तापाचं निमित्त झालं. नर्मदेच्या दक्षिण काठावर त्यांची समाधी आहे. फौजा नदी पार करायच्या त्या उताराजवळच. वीस वर्षं ज्यानं ही नदी पुन्हा पुन्हा ओलांडली, तो तिच्याच काठी थांबला.

पण आमचं जाणं झालं नाही. मंडलेश्वरला चहाच्या टपरीवर कळलं की पाणी वाढलंय, मोरटक्क्याच्या पुलावरची वाहतूक बंद आहे आणि पलीकडच्या गावरस्त्यांवर नाले चढलेत. पुतण्या म्हणाला, “काका, बघूया का थोडं पुढं जाऊन?” दीर काही वेळ नदीकडे बघत राहिले. म्हणाले, “नको रे. श्रीमंतांनीसुद्धा श्रावणात नर्मदा ओलांडली नसती.” सत्याहत्तर वर्षांचा माणूस. त्यांचे गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत. पुढच्या वेळी नक्की येऊ, हे वाक्य त्या वयात सहज उच्चारता येत नाही. गाडीत कुणीच ते उच्चारलं नाही.

परतीला जाम दरवाज्यानं आलो. मंडलेश्वरहून महूकडे चढताना विंध्याच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंच्या काळातला हा दगडी दरवाजा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना गाव नाही, तट नाही. एका बाजूला निमाड, दुसऱ्या बाजूला माळवा, आणि मधे ढगात उभा असलेला दरवाजा. तिथं नातीनं मला विचारलं, “आजी, हॉस्टेलमध्ये मुली विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? मी काय सांगू?”

आपण सगळे या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देतो. कुणी वाई सांगतं, कुणी संगमेश्वर, कुणी पैठण. त्या गावात आपलं घर नाही, ओळखीचं कुणी नाही, कुलदैवताला जायचं तेवढाच संबंध. ते उत्तर चूक नाही. पण ते अर्धं आहे. मी तिला म्हटलं, “सांग, आमचे पूर्वज दक्षिणेतून आले, पावसाळ्यापुरते थांबले आणि मग इथलेच झाले. आम्ही माळव्याचे मराठी.” तिनं ते मोबाइलवर टिपून घेतलं. टिपून घ्यावं लागलं, याचं मला थोडं वाईटही वाटलं. तिच्या आजोबांच्या वेळी हे घरात नुसतं बसून कळायचं.

मंडळी, खरी काळजीची गोष्ट ही आहे. समाध्या आणि छत्र्या सांभाळायला सरकारी खाती आहेत, तिथले गावकरी आहेत. आपल्या घरातली हकीकत सांभाळायला आपल्याशिवाय कुणी नाही. जुने वाडे विकले जाताहेत, माळ्यावरचे मोडीतले कागद रद्दीत जाताहेत, मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आणि मुलं पुण्या-बंगळुरात गेली की ही वाट त्यांच्यासाठी नुसती पिकनिकची वाट उरते.

म्हणून तीन सूचना करते आणि संपवते. पहिली, घरात मोडीतला एकही कागद असेल तर तो फेकू नका. मंडळात आणा, फोटो काढून ठेवू आणि वाचणारा शोधू. दुसरी, प्रत्येक कुटुंबानं आपण माळव्यात कधी आणि कुणाच्या चाकरीत आलो, पहिलं घर कुठं बांधलं, एवढं दोन पानांत लिहून द्यावं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, पण लिहा. तिसरी, अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीच्या आसपास दरवर्षी मंडळाची एक पावसाळी सहल या वाटेनं काढावी. अट एकच. प्रत्येक गाडीत एक सत्तरीपुढचं आणि एक विशीच्या आतलं माणूस हवं.

राहिली रावेरखेडी. ती पावसाळ्यात करायची नाही. दसऱ्याला घरोघरी सोनं वाटून झालं, की येणाऱ्या पहिल्या रविवारी निघू. नदीला उतार झालेला असेल, वाटा वाळलेल्या असतील. आपल्या लोकांचा नर्मदा ओलांडायचा मुहूर्त पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. माझ्या दिरांनी पुढच्या सीटवरची जागा आजच सांगून ठेवली आहे. बाकीच्यांनी चिटणीसांकडे नावं द्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!